हेराल्ड पुन्हा उभी करताना

स्टँडर्ड हेराल्ड ही मूळची ब्रिटिश गाडी. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने ती एप्रिल १९५९मध्ये बाजारात आणली. तिचा आकार इटालियन आरेखक जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचा. १९६१मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने ती भारतात बांधायला घेतली आणि १९७१पर्यंत ती निघत राहिली; आधी दोन दारांची, पुढे चार दारांची. त्या काळात भारतीय गिऱ्हाइकापुढे मोटारी मुख्यतः तीनच होत्या: ॲम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. तिघींत हेराल्ड वजनाने हलकी, जेमतेम ८०० किलोची. इंजिन ९४८ सीसीचे, चार सिलिंडरचे. पळणे ताशी ११० किलोमीटरच्या आसपास.

खऱ्या अर्थाने ज्यांना ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हणतात, त्या एमजीच्या टी मालिकेतल्या उघड्या दोन आसनी गाड्या किंवा जॅग्वार, भारतात थोड्याच आल्या. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि तो दरवाजा जवळजवळ बंद झाला. पण १९६२मध्ये ट्रायम्फने हेराल्डचीच चेसिस आखूड करून तिच्यावर स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार उभी केली. हेराल्डच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर साडेएक्क्याण्णव इंच, स्पिटफायरचे त्र्याऐंशी. इंजिनाचे घराणे, पुढच्या चाकांची जोडणी, मागचा आडवा पाटा, स्टिअरिंगची रॅक हे सगळे एका रक्ताचे. ठाण्यात राहून ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सर्वांत जवळ जायचे, तर हाती लागण्यासारखी गाडी हेराल्डच.

टेंभी नाक्याच्या परिसरात अशी गाडी घेऊन ती चालती करण्याचे काम वर्ष-दोन वर्षे सहज खाते. पैसा, जागा आणि कसब लागते हे उघडच आहे. या कामात मुरलेल्यांचा अनुभव मात्र आणखी एका मुद्द्यावर जुळतो. झिजलेला भाग बदलणे त्या मानाने सोपे असते. पाच-सहा दशकांत वेगवेगळ्या हातांनी केलेल्या दुरुस्त्या ओळखायच्या आणि त्यांतल्या कोणत्या ठेवायच्या, कोणत्या काढायच्या हे ठरवायचे, हा कामाचा अवघड भाग.

गाडी सापडते कशी

टेंभी नाका, चरई, खारकर आळी, महागिरी, उथळसर ही जुन्या ठाण्याची दाट वस्ती. वाडे, चाळी, दोन-तीन मजली इमारती आणि मधूनच एखादा कौलारू बंगला. डॉक्टर, वकील, कारखान्यातले अधिकारी अशा मोजक्या घरांत साठच्या दशकात मोटार आली. ती बंद पडली तेव्हा परसात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ढकलून ठेवली गेली. वर ताडपत्री पडली आणि ताडपत्रीवर मोडके पलंग, सायकली, पाण्याची पिंपे आली. पुढे इमारत पुनर्विकासाला निघते, बिल्डरशी करार होतो, जागा रिकामी करायची तारीख ठरते आणि तीस वर्षे न हललेली गाडी आठवड्याभरात हलवावी लागते. भंगारवाला आणि हौशी गिऱ्हाईक एकाच दिवशी दारात उभे राहतात ते अशा वेळी.

विकणारा बहुधा पहिल्या मालकाचा मुलगा किंवा नातू असतो. भाव ठरण्याआधी आठवणी निघतात. या गाडीतून घाट कसा चढलो, कुठे पाणी उकळले, कोणत्या वर्षी इंजिन उतरवले, डाव्या दाराला कोणी ठोकले. अनुभवी गिऱ्हाईक घाई न करता हे सगळे ऐकून घेते. सर्व्हिसची वही हरवलेली असते. गाडीचा दुरुस्तीचा इतिहास आता या बोलण्यातच उरलेला असतो. घरातल्या जुन्या ट्रंकेत पावत्या किंवा गाडीसोबत मिळालेले पुस्तक सापडले, तर तेही गाडीबरोबर मागून घ्यावे.

कागद

गाडीआधी कागद पाहायचे असतात. १९८९पूर्वीच्या गाड्यांचे क्रमांक तीन अक्षरी मालिकांतले. ठाण्याचा एमएच-०४ त्यानंतरचा. एवढ्या जुन्या गाडीची नोंद कधी काळी हाताने लिहिलेल्या रजिस्टरात झालेली असते आणि ती संगणकावर चढलेली असेलच असे नाही. तशी नसेल, तर मूळ आरसी बुक दाखवून आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. आरसीवर नाव असलेली व्यक्ती हयात नसेल, तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतर, त्यासाठी फॉर्म ३१. मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात नोंदलेली असेल, तर तिथला ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८. आरसीवरचा चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या आकड्यांशी ताडून पाहायचे आणि पेन्सिलीने त्यांची छाप घ्यायची. हे व्यवहाराआधी केले नाही, तर पुढचे सगळे काम बेवारशी गाडीवर केल्यासारखे होते.

जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे होऊन गेलेल्या दुचाकी आणि चारचाकी तिच्यात बसतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये, मुदत दहा वर्षे. नव्याने क्रमांक मिळाला, तर त्यात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक राखता येतो. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, तसेच इंधन आणि देखभालीपुरती रस्त्यावर आणता येते. रोजच्या ये-जा करण्यासाठी किंवा धंद्यासाठी नाही. ज्याला ती नेहमी चालवायची आहे, तो साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी तपासणी करून पुढे चालू ठेवतो.

वयाच्या अटीत सगळ्या हेराल्ड बसतात. अडते ते दुसऱ्या अटीवर: गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पेट्रोल महागले तेव्हा, किंवा मूळ इंजिन फुटले आणि सुटे भाग मिळेनात तेव्हा, ज्या बदली इंजिनावर गाडी आणखी वीस वर्षे चालली, तेच इंजिन आता तिच्या विरुद्ध पुरावा ठरते. म्हणून मूळ इंजिन जागेवर असलेली गंजकी गाडी ही बदली इंजिनाच्या चकचकीत गाडीपेक्षा चांगली खरेदी समजतात.

पाहणी

हेराल्डचे बॉनेट दोन्ही मडगार्डांसह एकसंध उचलते आणि पुढे कलते. इंजिन, पुढची चाके, स्टिअरिंग सगळे उघडे पडते. मिस्त्री चक्क टायरवर बसून काम करू शकतो. तिच्या घडणीमागे एक अडचण होती. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेली. अख्खी बॉडी बनवून देणारे कोणी हाताशी उरले नाही, म्हणून निरनिराळ्या ठिकाणी बनलेले तुकडे स्वतंत्र चेसिसवर बोल्टांनी जोडायचे ठरले. कंपनीची ती अडचण आज दुरुस्ती करणाऱ्याच्या पथ्यावर पडते. कुजलेला तुकडा सोडवून बाजूला घेता येतो; छतसुद्धा बोल्टांवर बसलेले आहे.

पाहणीची सुरुवात खालून होते. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खाडीची दमट हवा बारा महिने असते. चेसिसच्या मुख्य दांड्यांपासून बाहेर निघालेले हात, ज्यांच्यावर बॉडी टेकते, ते आतून कुजतात. वरून रंग शाबूत दिसतो. पेचकसाचे टोक दाबले की आत जाते. डिकीचा तळ, दाराखालची पट्टी, बॅटरीखालचा पत्रा या पुढच्या जागा. मग लोहचुंबक फिरवायचे. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली आहे असे समजायचे. दारांच्या फटी वरून खालपर्यंत सारख्या आहेत का, ते डोळ्यांनीच कळते. फट खाली रुंदावत गेली असेल, तर चेसिस वाकलेली किंवा बसलेली आहे.

इंजिन चालू होत असेल, तर एकाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने पुढच्या पुलीकडे पाहायचे. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली, तर क्रँकशाफ्टच्या मागचे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. ट्रायम्फच्या या घराण्याचे हे जुने दुखणे. वॉशर पुरते गळून पडले, तर क्रँक ब्लॉकलाच घासू लागतो आणि ब्लॉक वाया जातो. इंजिन बंद असेल, तर प्लगच्या छिद्रांतून तेल सोडून, चार दिवस थांबून, हाताने फिरते का ते पाहायचे. बॅटरी जोडून जोर लावणे ही सर्वांत महाग घाई. यापुढचा अंदाज कोणी देत नाही. “खोलल्याशिवाय सांगता येत नाही” हे गॅरेजमधले वाक्य टाळाटाळीचे वाटते, पण ते अक्षरशः खरे असते.

आधीचे हात

गाडी खोलताना वाचन नटबोल्टांपासून सुरू होते. हेराल्डचे नटबोल्ट इंची मापाचे. १९५६च्या वजनमापे कायद्यानंतर देश मेट्रिककडे वळला आणि गॅरेजमधले पानेही मिलिमीटरचे झाले. अर्ध्या इंचाच्या नटाला १३चा पाना बसतो, पण सैल. सात सोळांश इंचाच्या नटात ११चा शिरत नाही, १२चा घसरतो. नटाचे कोपरे जातात, नट गोल होतो, मग छिन्नी-हातोडी येते. त्यामुळे गोल झालेले नट ही एक प्रकारची नोंदच असते. जिथे ते जास्त, तिथे गाडीला वारंवार त्रास झाला आहे. जिथे नट धारदार आणि मूळ रंगाखाली आहेत, तिथे कारखान्यानंतर कोणाचा हात गेलेला नाही. इंची पान्यांचा संच ही या कामातली पहिली खरेदी असावी.

पुढचा पुरावा परक्या भागांचा. मद्रासच्या कंपनीने १९७२मध्ये हेराल्डच्या जागी गॅझेल आणली, तीही १९७७मध्ये थांबली. १९८५मध्ये आलेली स्टँडर्ड २००० काही वर्षांतच बंद पडली आणि त्याबरोबर कंपनीचे मोटारी बनवणेही संपले. हेराल्डचे सुटे भाग दुर्मीळ होत गेले. फियाटचे मात्र मुंबई-ठाण्यात कोपऱ्यावर मिळत, कारण प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यात होता आणि टॅक्सी बहुतेक फियाटच्या. म्हणून या पट्ट्यातल्या हेराल्डच्या पोटात फियाटचा कार्ब्युरेटर, फियाटचा पेट्रोल पंप, ॲम्बॅसेडरचा डायनामो, जीपचे एखादे स्विच निघाले, तर नवल करू नये. भाग मिळत नाही म्हणून गाडी उभी ठेवणे मालकाला परवडणारे नव्हते, आणि मिस्त्रीने समोर होते त्यातून वाट काढली. आता तीही वाट अरुंद होत चालली आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्रीही वयाने थकले.

या सगळ्या बदलांची तीन ढिगांत वाटणी करणे हा कामाचा मध्य आहे. पहिला ढीग परत फिरवता येण्याजोग्या बदलांचा. फियाटचा कार्ब्युरेटर मधे जाड पट्टी घालून बसवला असेल आणि मूळ मॅनिफोल्डला धक्का लागला नसेल, तर मूळच्या जातीचा सोलेक्स मिळाला की तो निमूट निघतो. दुसरा ढीग मुळापेक्षा बऱ्या बदलांचा. मूळ वायरिंगमध्ये फ्यूज अगदी मोजके. एखाद्या जुन्या वायरमनने मधे फ्यूजची पेटी घातली असेल, तर ती काढण्यात शहाणपण नाही. तिसरा ढीग कापाकापीचा. दुसरे इंजिन बसवण्यासाठी चेसिसची आडवी पट्टी कापलेली, गिअरबॉक्सवरचा पत्रा ठोकून फुगवलेला, बोल्टांनी सुटणारे तुकडे एकमेकांना वेल्डिंगने कायमचे जोडलेले. पहिल्या ढिगाला वेळ लागतो, तिसऱ्याला पैसा. दुसऱ्या ढिगासाठी विवेक लागतो, कारण मूळपणाच्या हट्टापायी चांगली दुरुस्ती उखडून टाकण्याचा मोह नवख्याला हमखास होतो.

चेसिस आणि पत्रा

टेंभी नाक्यावर गाडी खोलून ठेवायला जागा नाही. नवरात्रात तर, शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी १९७८मध्ये सुरू केलेल्या देवीच्या उत्सवामुळे, इथली वाहतूक नऊ दिवस वळवलेली असते. त्यामुळे घर जुन्या ठाण्यात आणि काम राबोडी, खोपट किंवा वागळे इस्टेटकडे, अशी विभागणी होते. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. मोठे कारखाने तिथून कमी झाले, तरी लेथ, शीट मेटल, प्लेटिंग आणि रबर मोल्डिंगची छोटी दुकाने टिकून आहेत. ब्रिटनमध्ये असे काम करणारा माणूस यादी उघडून भाग मागवतो, कारण तिथे स्पिटफायर तीन लाखांवर बनल्या आणि त्यांचे भाग अजून निघतात. ठाण्यात निम्मे भाग नमुना दाखवून बनवून घ्यावे लागतात. टर्नरच्या हातात झिजलेली बुशिंग द्यायची आणि झीज होण्यापूर्वी तिचे माप काय असेल हे त्याच्यासोबत बसून काढायचे. जुन्या मापावर हुबेहूब नवी बुशिंग बनवली, तर झीजही हुबेहूब उतरते.

बॉडी चेसिसवरून उचलण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप तात्पुरते वेल्ड करतात. तसे न केल्यास कुजलेली बॉडी उचलताना मधोमध दुमडते आणि पुढे दारे कधीच नीट लागत नाहीत. चेसिस उघडी झाली की कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्णांची मापे घेतात. ती जुळली, तर गाडी सरळ. कुजलेले बाहेरचे हात एकावेळी एकच कापून नवे लावतात. सगळे एकदम कापले, तर मोजायला काही उरत नाही. बॉडी परत बसवताना चेसिस आणि बॉडीमध्ये पातळ पट्ट्या कमी-जास्त करून दारांच्या फटी जुळवाव्या लागतात. डेंटरचे खरे कसब इथे दिसते, आणि रंग लागल्यावर ते कोणालाच दिसत नाही.

जुनी पुट्टी खरवडली की अपघात बाहेर येतात. एकावर एक तीन रंग, मधे कुठे वर्तमानपत्राचा बोळा आणि त्यावर पुट्टी. घरच्यांनी सांगितलेली डाव्या दाराची गोष्ट इथे पटते. कधी न सांगितलेली उजव्या बाजूची गोष्टही कळते.

इंजिन

इंजिनाचे काम ठाण्यात त्या मानाने सुखाचे. बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग ही कामे करणारी दुकाने शहरात आहेत आणि तीनच मेन बेअरिंगांचे हे साधे इंजिन पाहून त्यांना धसका बसत नाही. मूळ बोअर ६३ मिलिमीटर. आधी किती वेळा बोअर झाला आहे ते पिस्टनवरच्या आकड्यावरून कळते, आणि आणखी एक वाढ सोसेल की स्लीव्ह घालावी लागेल ते त्यावर ठरते. क्रँकची झीज अजून ‘थाऊ’त, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात बोलली जाते, दहा थाऊ, वीस थाऊ. मिलिमीटरवर वाढलेल्या पोरांना हा हिशेब उस्तादाकडूनच शिकावा लागतो.

दोन गोष्टी मूळ पुस्तकात नाहीत, कारण इंधन बदलले. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलसाठी घडवलेले. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखे जपत असे. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. म्हणून हेड उतरलेलेच आहे, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली टणक धातूच्या बैठका बसवून घेतात. दुसरी गोष्ट इथेनॉलची. पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते आता २० टक्क्यांपर्यंत असते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, विरतो. ते हवेतले पाणी ओढते आणि उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. नळ्या आणि पडदे इथेनॉल सोसणारे घालायचे, टाकी आतून साफ करून घ्यायची आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर पेट्रोल काढून ठेवायचे. हे दोन्ही बदल उद्याच्या मिस्त्रीला आजचा हात दाखवतील, पण ते न करणे म्हणजे मूळपणासाठी इंजिन जाळणे.

चाके आणि ब्रेक

पुढच्या प्रत्येक चाकाच्या बुडाशी ट्रनिअन नावाचा काशाचा एक तुकडा असतो. चाक धरणारी उभी दांडी त्यात आट्यांनी बसते आणि स्टिअरिंग फिरले की त्या आट्यांत फिरते. त्याला ग्रीस चालत नाही, गिअरचे जाड तेल, ९० नंबरचे, लागते. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी साचते, दांडी गंजून झिजते आणि एखाद्या दिवशी वळणावर मोडून चाक आडवे पडते. ग्रीसची गन दिसेल त्या निपलला लावायची, ही गॅरेजची सवय. त्यामुळे ट्रनिअनमधून घट्ट काळे ग्रीस निघाले, तर दांडी न तपासता परत घालायची नाही. हे भाग स्पिटफायरशी जुळणारे असल्याने परदेशातून मागवता येतात. सीमाशुल्क भरून कुरिअरने येतात, नाहीतर लंडनहून सुट्टीला येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून.

मागे आडवा पाटा आणि दोन्ही बाजूंना लोंबती अर्धी ॲक्सल. मागची चाके स्वतंत्र उचलली जातात, खड्ड्यांत गाडी बरी चालते. पण वेगात वळताना एकदम ॲक्सिलरेटर सोडला, तर मागचे चाक आत दुमडू पाहते. भारतातल्या मालकांना आणि मिस्त्रींना ही रचना फारशी रुचली नाही. गॅझेलला म्हणूनच सरळ अखंड ॲक्सल दिली गेली. दुरुस्तीत पाट्याची जुनी पाने सोडवून, साफ करून, कमान परत आणतात. कोणी भार वाहायला जादा पान घातलेले असेल, तर ते काढतात, कारण उंच उठलेल्या शेपटीने तो दुमडण्याचा धोका वाढतो.

ब्रेकच्या बाबतीत जुने ठेवण्याचा मोह कोणी धरत नाही. चाकांची सिलिंडरे आतून खडबडीत झालेली असतात. ती बोअर करून स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह घालतात, रबरे सगळी नवी, पाइप सगळे नवे. ब्रेक एकाच सर्किटचा आहे. एक पाइप फुटला की चारही चाके गेली. हँडब्रेक नीट धरतो का हे म्हणूनच आधी पाहायचे.

वायरिंग

त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या वायरमनला ऋण टोक बॉडीला जोडायची सवय, आणि एका चुकीच्या जोडणीत नवी इलेक्ट्रॉनिक वस्तू जळते. मधल्या काळात कोणी ध्रुव उलटवले आहेत का ते आधी तपासायचे. वायरींचे कापडी वेष्टन गळालेले असते आणि रंगांची खूण उरलेली नसते. प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर आकडा लिहून, फळीवर जुना सांगाडा पसरून, त्याच्या मापाने नवा बांधतात. तीन पिढ्यांच्या वायरमननी ‘डायरेक्ट’ केलेल्या जोडण्या इथे एकेक करून सुटतात. हॉर्न, वायपर, मागचा दिवा. ज्या गोष्टीवाचून पावसाळ्यात अडते, ती डायरेक्ट झालेली असते.

रंग, रबर, गादी

रंगाचे काम दसऱ्यानंतर सुरू करून मेअखेर संपवायचे. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि पत्रा रात्रीत गंज धरतो. मूळ रंग डॅशबोर्डच्या मागे किंवा गादीखाली सापडतो, तिथे उन्हाचा आणि दुसऱ्या रंगाचा हात पोचलेला नसतो. आरसीवरचा रंग आणि गाडीचा रंग एक असावा लागतो, हेही ध्यानात ठेवायचे. बंपरचे क्रोम करण्याआधी तांबे आणि निकेलचे थर नीट चढले, तर ते ठाण्याच्या हवेत टिकते. नुसते चमकवलेले दोन पावसाळ्यांत सोलते. दारांची रबरे नमुन्यावरून साचा करून बनवून घेता येतात, पण साच्याचा खर्च एका गाडीला जड जातो. म्हणून दोन-तीन हेराल्डवाले मिळून ती एकदम काढतात. मुंबईत ऑपेरा हाऊसची सुट्या भागांची दुकाने आणि कुर्ल्याचा भंगार बाजार यांच्या फेऱ्या या टप्प्यावर सर्वाधिक होतात. काचेचा दिवा, दाराचे हँडल, घड्याळाची तबकडी अशा वस्तू बनवता येत नाहीत, भेटाव्या लागतात.

रस्त्यावर

पहिली चाचणी सपाट रस्त्यावर, दुसरी उपवनहून येऊरच्या चढावर. चढावर तापमान स्थिर राहिले, तर रेडिएटरचे काम नीट झाले आहे. तिसरी चाचणी माजिवड्याच्या कोंडीत, आणि जुन्या गाडीला तीच सर्वांत जड जाते. पंखा पट्ट्यावर फिरतो, इंजिन मंद झाले की वाराही मंद. डायनामो मंद गतीत जवळजवळ चार्ज करत नाही आणि दिवे लावून सिग्नलला उभे राहिले, तर बॅटरी उतरते. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय घालता येत नाही. या गोष्टी दोष नाहीत, त्या काळच्या रिकाम्या रस्त्यांची ती मापे आहेत. चालवणाऱ्याने त्यांच्याशी जुळवून घ्यायचे असते. जुन्या ठाण्याच्या गल्ल्यांत मात्र हेराल्ड आजच्या गाड्यांना मागे टाकते. ती साडेसात मीटरच्या आसपासच्या वर्तुळात वळते. महागिरीत जिथे नवी गाडी तीनदा मागे-पुढे करते, तिथून ती एका झोकात निघते.

नोंदवही

गाडी चालू झाली म्हणजे काम संपले असे नाही. एक टप्पा उरतो आणि तोच बहुतेक जण वगळतात. कोणता भाग मूळ, कोणता बनवलेला, कोणता दुसऱ्या गाडीचा, क्रँक किती थाऊ घासला, व्हॉल्व्हच्या बैठका कधी बदलल्या, बॅटरीचे कोणते टोक बॉडीला आहे, ट्रनिअनमध्ये तेल घालायचे की ग्रीस, हे सगळे एका वहीत तारखेसह लिहायचे आणि कापलेल्या-जोडलेल्या जागांची छायाचित्रे तिला जोडायची. व्हिंटेज नोंदणीच्या तपासणीत ही वही उपयोगी पडते. त्याहून मोठा उपयोग पुढच्या माणसाला. आधीच्या मिस्त्रींनी आपले काम गाडीत ठेवले, कागदावर ठेवले नाही, म्हणून वर्षभराचा वेळ ते वाचण्यात गेला. आज बसवलेली फ्यूजची पेटी आणि टणक बैठका उद्याच्या मिस्त्रीला परक्याच वाटणार आहेत. त्या कोणी, कधी आणि का बसवल्या, हे त्याला आरसी बुकाच्या पिशवीत ठेवलेल्या या वहीतून कळते, आणि खोलण्याआधी थोडे तरी सांगता येते.